न्यूमोनियाचं औषध चालू असताना मुलाला रिॲक्शन आली तर: कधी थांबायचं, कधी धावायचं, काय लिहून ठेवायचं

अँटिबायोटिकचा पाचवा दिवस असतो. ताप उतरलेला, खोकला ओसरत आलेला, मूल पुन्हा खेळायला लागलेलं. आणि संध्याकाळी कपडे बदलताना पाठभर लाल पुरळ दिसतं. घरात लगेच दोन तट पडतात. आजी म्हणते, "औषध गरम पडलं, आजच बंद करा." बाबा म्हणतात, "कोर्स पुरा करायला सांगितलाय, चालू ठेवा." दोघांचंही म्हणणं कधी बरोबर ठरतं, कधी जिवावर बेतू शकतं. कोणाचं ऐकायचं हे ठरवताना सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारी माहिती अगदी साधी आहे: डोस किती वाजता दिला आणि त्रास त्यानंतर किती वेळाने सुरू झाला. लहान मुलांच्या वॉर्डात नेमकी हीच माहिती क्वचित मिळते. "काल-परवा कधीतरी उठलं" एवढंच कळतं आणि मग पुढचा सगळा अंदाज अंधारात करावा लागतो.

हा लेख न्यूमोनियाचं निदान होऊन अँटिबायोटिक सुरू झालेल्या मुलांच्या पालकांसाठी आहे. तो डॉक्टरांच्या जागी नाही. डॉक्टरांना फोन करताना तुमच्या हातात काय असावं, आणि कोणत्या वेळी फोनही न करता थेट हॉस्पिटल गाठावं, यासाठी आहे.

औषधाची धास्ती घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियात अँटिबायोटिक जीव वाचवतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या हाती तोंडाने घ्यायचं अँटिबायोटिक दिलं आणि बालमृत्यू घटले. त्या प्रयोगाचा अहवाल 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तेव्हा कोट्रायमॉक्साझोल वापरत, आज पहिली निवड अमॉक्सिसिलिनची असते. त्यामुळे पुरळ दिसलं की बाटली उचलून कचऱ्यात टाकणं हा उपाय नाही. औषध थांबवलं तर त्याच्या जागी दुसरं काय, हा प्रश्न त्याच फोनमध्ये विचारायचा. न्यूमोनिया अर्धवट सोडायचा नाही.

औषध लिहून घेतानाच सांगायच्या गोष्टी

"आमच्या बाळाला पेनिसिलिन चालत नाही" एवढं सांगून भागत नाही. कुठलं औषध होतं, तेव्हा मूल किती वर्षांचं होतं, नेमकं काय झालं, डोसनंतर किती वेळाने झालं आणि किती दिवस राहिलं, हे सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा, अंदाजाने भर घालू नका.

वजन त्याच दिवशी करून घ्या. लहान मुलांचा डोस किलोवर ठरतो आणि आजारपणात वजन उतरलेलं असतं.

बाळ सहा आठवड्यांच्या आतलं असेल, दिवसांआधी जन्मलेलं असेल किंवा कावीळ असेल तर ते आवर्जून सांगा. आईच्या माहेरकडे कोणाला इंजेक्शनांनंतर बहिरेपण आलं असेल, किंवा मुलाला हृदयाच्या ठोक्यांचा काही त्रास असेल, तर तेही सांगा. यांतल्या बहुतेकांची कारणं पुढे येतील.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: हा न्यूमोनिया जिवाणूंचा वाटतो की विषाणूंचा? दोन वर्षांच्या आतल्या मुलांत विषाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचं प्रमाण मोठं आहे आणि त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. डॉक्टर "आत्ता गरज नाही, लक्ष ठेवू" म्हणाले तर "काहीतरी स्ट्राँग द्या" असा हट्ट धरू नका. हा हट्ट मुलांना फार महागात पडतो.

सिरप नीट तयार करा: निम्म्या तक्रारी इथेच टळतात

अमॉक्सिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं सिरप बहुतेक वेळा कोरड्या पावडरच्या रूपात मिळतं. आधी बाटली उलटी करून तळाला टिचकी मारा, म्हणजे चिकटलेली पावडर मोकळी होते. सोबत पाण्याची छोटी कुपी असेल तर ती पूर्ण ओता. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला, झाकण लावून जोरात हलवा आणि फेस बसू द्या. आता पातळी खाली गेलेली दिसेल. पुन्हा खुणेपर्यंत पाणी घाला, पुन्हा हलवा. हा दुसरा टप्पा घाईत राहून जातो आणि मग बाटलीभर औषध दाट होतं, म्हणजे प्रत्येक डोस ठरल्यापेक्षा जास्त जातो. कोमट पाणी वापरू नका.

बाटलीवर तयार केल्याची तारीख पेनाने लिहा. क्लॅव्ह्युलॅनेट असलेलं सिरप फ्रीजच्या आतल्या कप्प्यात ठेवायचं (फ्रीझरमध्ये नाही) आणि सात दिवसांनंतर उरलेलं टाकून द्यायचं. प्रत्येक डोसआधी बाटली हलवायची. न हलवता दिलं की सुरुवातीचे डोस पाणचट जातात आणि शेवटचे कडक. आजार लांबतो आणि वर शेवटी जुलाब लागतात.

आता बाटलीवरचा आकडा. दोन बाटल्या सारख्याच दिसतात, पण एकीत 5 मिलीमध्ये 200 मिग्रॅ अमॉक्सिसिलिन अधिक 28.5 मिग्रॅ क्लॅव्ह्युलॅनेट असतं, दुसरीत 400 अधिक 57. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात घरी उपचार करता येण्यासारख्या न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिन दर किलोला 40 मिग्रॅ, दिवसातून दोनदा, साधारण पाच दिवस असं आहे. म्हणजे 10 किलोच्या मुलाला एका वेळी 400 मिग्रॅ. साध्या अमॉक्सिसिलिनच्या 125 मिग्रॅच्या बाटलीतून ते 16 मिली होतं, 250 च्या बाटलीतून 8 मिली. डोस तुम्ही ठरवायचा नाही, पण औषधाच्या दुकानातून चिठ्ठीपेक्षा वेगळ्या ताकदीची बाटली मिळाली आणि चिठ्ठीतलेच मिली दिले, तर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो हे लक्षात ठेवा. क्लॅव्ह्युलॅनेट जास्त गेलं की पोट हमखास बिघडतं. दुकानातून निघण्याआधी चिठ्ठीवरचा आकडा आणि बाटलीवरचा आकडा जुळवा. मोठ्यांच्या 625 च्या गोळीचे तुकडे करून मुलाला देऊ नका, त्यात दोन औषधांचं प्रमाणच वेगळं असतं.

मोजायला बाटलीसोबतचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. घरातल्या चमच्यांची मापं एकसारखी नसतात.

एक पान: वेळ, औषध, खूण

पहिल्या डोसपासून एका कागदावर लिहायला लागा. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण घरातल्या सगळ्यांना दिसेल असा फ्रीजवरचा कागद मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण डोस कधी आई देते, कधी आजी, कधी काका.

प्रत्येक डोसची वेळ लिहा आणि उलटी झाली तर तिची वेळ. सोबत दिलेलं दुसरं प्रत्येक औषध लिहा: पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, खोकल्याचं सिरप, आयुर्वेदिक काढा, बाळगुटी, छातीला चोळलेला मलम, सगळं. पुरळ आयब्युप्रोफेननेही उठू शकतं आणि दोष मात्र अँटिबायोटिकच्या माथी बसतो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, अनेक मुलं दगावली. उपचारांसाठी त्यांतल्या कित्येकांना नागपूरला आणलं होतं. अशा वेळी कारण शोधायचं तर मुलाला काय काय दिलं आणि त्या बाटल्या कुठे आहेत, हे कळायला हवं. म्हणून मूल पूर्ण बरं होईपर्यंत एकही बाटली, स्ट्रिप किंवा खोका टाकू नका. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा.

पहिल्या दोन तासांत: इथे विचार करत बसायचं नाही

डोसनंतर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांत खालच्यांपैकी काही दिसलं तर ती तीव्र ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस असू शकते. अंगावर अचानक पित्ताच्या गांधी, ओठ-जीभ-पापण्या सुजणं, आवाज घोगरा होणं किंवा रडण्याचा आवाज बदलणं, श्वासात शिट्टी, पाठोपाठ उलट्या, अंग पांढरंफटक आणि गार पडणं, मूल एकदम गळून जाणं. गांधींसोबत यांतली दुसरी एखादी खूण असेल तर ॲनाफिलॅक्सिस समजूनच चाला. आणि गांधी उठल्याच पाहिजेत असंही नाही. डोसनंतर लगेच श्वासाचा त्रास किंवा मूल गळून जाणं एवढंही पुरेसं आहे.

काय करायचं? औषध थांबवा. 108 ला फोन करा. हॉस्पिटल पाच-दहा मिनिटांवर असेल आणि गाडी दारात असेल तर निघा. मुलाला आडवं ठेवा, पाय थोडे उंच. धाप लागत असेल तर मांडीवर टेकून बसवा. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर. गळून गेलेल्या मुलाला खांद्यावर उभं धरून पळू नका, उभ्या स्थितीत रक्तदाब आणखी कोसळतो. तोंडाने पाणी, दूध, साखर काही देऊ नका.

दवाखान्यात पोचताच शब्द स्पष्ट वापरा: "औषधाचा डोस अमुक वाजता दिला, ॲनाफिलॅक्सिस वाटतंय." यावरचं पहिलं औषध ॲड्रिनॅलिन आहे, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. प्रमाण दर किलोला 0.01 मिग्रॅ, म्हणजे 1 मिलीत 1 मिग्रॅ असलेल्या कुपीतून 10 किलोच्या मुलाला 0.1 मिली. ॲलर्जीचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन नंतर देता येतं, पण ते ॲड्रिनॅलिनची जागा घेत नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण छोट्या दवाखान्यांत आधी ही दोन इंजेक्शनं देऊन वाट पाहिली जाते आणि मोलाची मिनिटं जातात. मूल सावरलं तरी काही तास हॉस्पिटलात थांबायचं, लक्षणं उलटून पुन्हा येऊ शकतात.

याच कारणाने, अँटिबायोटिकचं इंजेक्शन ॲड्रिनॅलिन आणि ऑक्सिजन असलेल्या ठिकाणीच घ्या आणि नंतर किमान अर्धा तास तिथेच बसा. 'टेस्ट डोस'ला फुगवटा आला नाही म्हणून निर्धास्त होऊन रिक्षात बसू नका. टेस्ट डोस कोरा जाऊनही पूर्ण डोसला रिॲक्शन आल्याची उदाहरणं आहेत.

अंगावर पुरळ: घरच्या घरी कसं पाहायचं

सगळ्यांत जास्त फोन येतात ते याचेच, म्हणून इथे थोडं थांबतो.

मुलाला दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पूर्ण कपडे काढून पाहा. ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतो. फोटो काढा, एक लांबून आणि एक जवळून. मग तीन गोष्टी तपासा.

पहिली, दाबून पाहा. पारदर्शक काचेच्या पेल्याची बाजू पुरळावर घट्ट दाबा. लाली जात असेल तर बरं. दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके, त्यातून ताप आणि मरगळ, म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग किंवा प्लेटलेट्सचा प्रश्न असू शकतो. तेव्हा थेट हॉस्पिटल, रात्र असो की दिवस.

दुसरी, एका चट्ट्याभोवती बॉलपेनने रेघ ओढा आणि वेळ लिहा. तीन-चार तासांनी पाहा. चट्टा रेघेबाहेर सरकला, विरला आणि दुसरीकडे नवे उठले, खाजही बरीच असेल, तर त्या गांधी आहेत, ज्याला आपण घरात "पित्त उठलं" म्हणतो. चट्टे जागच्या जागी, चपटे, दोन्ही बाजूंना सारखे, छाती-पोट-पाठीवरून हातापायांकडे पसरत गेलेले आणि खाज बेताची असेल, तर ते गोवरासारखं दिसणारं औषधाचं साधं पुरळ असण्याची शक्यता जास्त.

तिसरी, डोळे, तोंड, लघवीची जागा पाहा आणि कातडी दुखते का ते पाहा. हा भाग कोणी पाहत नाही आणि नेमकं इथेच मोठं संकट आधी दिसतं.

आता वेळ जोडा. डोसनंतर तासाभरात उठलेल्या गांधी ही खऱ्या ॲलर्जीची खूण समजायची. श्वास, चेहरा ठीक असला तरी पुढचा डोस द्यायचा नाही आणि लगेच दाखवायचं. आमसुलाचं पाणी अंगाला लावलं तर बिघडणार नाही, पण ते लावून घरी बसून राहू नका. नजर ओठांवर आणि श्वासावर ठेवत निघा.

उलट, अमॉक्सिसिलिन सुरू करून काही दिवस झाल्यावर, बहुधा पाचव्या-सातव्या दिवशी आलेलं चपटं पुरळ, आणि मूल मात्र खातंय, खेळतंय, ताप नाही, अशा वेळी घाबरण्यासारखं बहुतेक काही नसतं. बऱ्याचदा हे पुरळ अंगात असलेल्या विषाणूंचं किंवा विषाणू आणि औषध दोन्हींचं मिळून असतं. एपस्टाईन-बार विषाणूचा संसर्ग असताना अमॉक्सिसिलिन दिलं तर असं पुरळ मुबलक उठतं. पुढचा डोस द्यायच्या आत डॉक्टरांना फोन करा, फोटो पाठवा, वेळा सांगा. ते औषध चालू ठेवायला सांगतील किंवा बदलून देतील. हा निर्णय त्यांचा, कारण मुलाची छाती त्यांनी तपासलेली असते.

पुरळ गोवराचंही असू शकतं हे विसरू नका. तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, आणि मग कानामागून व चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ, हा गोवराचा क्रम आहे. न्यूमोनिया ही त्याचीच गुंतागुंत असू शकते. 9 महिन्यांची आणि 16 ते 24 महिन्यांदरम्यानची गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर ते डॉक्टरांना सांगा. गोवरात मुलाला जीवनसत्त्व अ चे डोस द्यावे लागतात. देवीची खूण समजून मुलाला घरात झाकून ठेवणं आणि औषध बंद करणं मात्र घातक आहे.

कोर्स संपल्यावरही उगवणाऱ्या रिॲक्शन

या दुर्मीळ आहेत, पण घरच्यांच्या डोळ्याला आधी दिसतात.

औषध सुरू झाल्यापासून साधारण चार दिवस ते चार आठवड्यांत ताप पुन्हा चढला, डोळे लाल होऊन चिकटले, ओठ-तोंड सोलवटलं, लघवीला आग होऊन मूल रडू लागलं, अंगाला हात लावला तरी दुखतं, चट्ट्यांच्या मधोमध काळपट ठिपका किंवा पाण्याचे फोड दिसतात, तर तो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. कोट्रायमॉक्साझोलसारख्या सल्फा औषधांत याचा धोका अधिक. सगळी संशयित औषधं थांबवून मोठ्या हॉस्पिटलात दाखल करावं लागतं. शाळकरी मुलांत मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया स्वतःच तोंड आणि डोळे असे सोलवटून टाकतो, त्यामुळे दोष औषधाचा की जंतूचा हे तपासण्यांनंतरच ठरतं. घरून धावण्याची घाई दोन्हीकडे सारखीच.

दोन ते आठ आठवड्यांनी ताप, चेहऱ्यावर सूज, मानेत-काखेत गाठी आणि अंगभर पुरळ असा संचही दिसू शकतो. त्यात यकृतालाही इजा होते, रक्त तपासावं लागतं. अमॉक्सिसिलिन किंवा सेफॅक्लॉरनंतर एक ते तीन आठवड्यांनी गांधी, ताप आणि सुजलेले, दुखरे सांधे असा प्रकार होतो. मूल चालायला नकार देतं, पालक हवालदिल होतात, पण ते बहुतेक वेळा पूर्ण बरं होतं. तिन्ही प्रसंगी डॉक्टरांना एक वाक्य सांगायचं राहू नये: "तीन आठवड्यांपूर्वी न्यूमोनियासाठी अमुक औषध दिलं होतं."

पोट बिघडलं तर

तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकमध्ये जुलाब ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि क्लॅव्ह्युलॅनेट असेल तर आणखीनच. दिवसाला तीन-चार पातळ शी, मूल तरतरीत, लघवी नीट, तर औषध चालू ठेवा आणि ओआरएस द्या. पाकिटावर किती पाण्यात कालवायचं ते लिहिलेलं असतं, मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं 200 मिलीचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, मोठ्याला 100 ते 200 मिली, चमच्याचमच्याने. अंगावरचं दूध चालूच राहू द्या. तांदळाची पेज, मऊ भात, खिचडी, ताक चालतं. क्लॅव्ह्युलॅनेटचा डोस जेवणाच्या सुरुवातीला दिला तर पोटाला कमी बाधतो. झिंक द्यायचं का, किती, हे डॉक्टरांना विचारा. प्रोबायोटिक लिहून दिलं असेल तर जिवाणूंचं असलेलं अँटिबायोटिकपासून दोनेक तास लांब ठेवा, नाहीतर ते जिवाणूच मरून जातात.

जुलाब थांबवणाऱ्या लोपरामाइडसारख्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना अजिबात देऊ नका. शीत रक्त, पोट फुगणं, डोळे खोल जाणं, सहा-आठ तास लघवी नाही, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. सेफ्डिनिर हे अँटिबायोटिक चालू असताना लोहाचं औषध किंवा लोहयुक्त पावडरचं दूध दिलं की शी विटकरी लाल होते. ते रक्त नसतं, पण खात्री मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्या.

उलटीबद्दल नेहमी विचारला जाणारा प्रश्न: डोस पुन्हा द्यायचा का? अर्ध्या तासाच्या आत उलटून पडला तर एकदा पुन्हा द्या. तासाभरानंतर असेल तर देऊ नका. मधल्या वेळेत असेल तर विचारा. न्यूमोनियात खोकल्याच्या उबळीनेही उलटी होते, तेव्हा दोष औषधाचाच असतो असं नाही. सिरिंज जिभेच्या मधोमध न नेता गालाच्या आतल्या बाजूला थोडी थोडी सोडली तर औषध टिकतं. नाक दाबून पाजू नका, औषध श्वासनलिकेत जाईल. पोटात गेलेलं सगळंच उलटून पडत असेल तर तोंडाचं औषध पुरेसं नाही, हॉस्पिटल गाठा.

सहा आठवड्यांच्या आतल्या बाळाला ॲझिथ्रोमायसिन दिलं असेल आणि दूध पाजल्यावर जोरात लांब उडणारी उलटी होऊ लागली, तर जठराच्या तोंडाचा स्नायू जाड झालेला असू शकतो. हा धोका या वयात या गटातल्या औषधांनी वाढतो. पुढच्या फेरीची वाट पाहू नका.

तोंडात पुसून न निघणारा दह्यासारखा पांढरा थर आणि लंगोटाच्या जागी लालबुंद पुरळ हा बुरशीचा संसर्ग. त्रासदायक, पण साध्या औषधाने जाणारा.

हॉस्पिटलात, सलाईन चालू असताना

इथे लक्ष ठेवायला सिस्टर आणि डॉक्टर असतात, तरी चोवीस तास मुलाजवळ तुम्हीच असता. सुई लावलेला हात दर तासाला उघडून पाहा: सूज, लाली, गार किंवा टणक भाग, औषध सोडताना रडणं. दिसलं की लगेच सांगा, "थोडा वेळ पाहू" नको.

सेफ्ट्रायॅक्सोन हे फार वापरलं जाणारं इंजेक्शन. त्याची कॅल्शियमशी गाठ पडली की खडे जमतात, म्हणून 28 दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियम असलेल्या सलाईनसोबत ते देत नाहीत. रिंगर लॅक्टेट या नेहमीच्या सलाईनमध्येही कॅल्शियम असतं. काविळीच्या नवजात बाळालाही ते टाळतात. थोड्या मोठ्या मुलांत काही दिवसांनी पोटाच्या उजव्या वरच्या बाजूला दुखू शकतं. पित्ताशयात साका जमलेला सोनोग्राफीत दिसतो, आणि औषध थांबल्यावर तो बहुधा आपोआप विरतो. डोसनंतर मूल एकाएकी पांढरंफटक पडलं आणि लघवी चहासारखी झाली, तर रक्तपेशी फुटत असण्याची दुर्मीळ पण गंभीर शक्यता असते. त्याच क्षणी आवाज द्या.

जेंटामायसिन मूत्रपिंडं आणि कान यांना बाधू शकतं, म्हणून लघवी किती वेळा होते ते लिहा. आईकडून येणारा एक जनुकीय बदल असलेल्या मुलांत एरवीच्या डोसनेही ऐकू येणं जाऊ शकतं. मामा-मावशीच्या बहिरेपणाचा प्रश्न आधी विचारला तो याचसाठी. व्हँकोमायसिन भराभर गेलं तर चेहरा-मान लालबुंद होऊन खाज सुटते. ही बहुतेक वेळा ॲलर्जी नसते, वेग कमी केला की निवळते, पण श्वास आणि रक्तदाब पाहून ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

रिॲक्शन की आजारच वाढतोय?

धाप दोन्हींत लागते. डोसनंतर मिनिटांत, गांधी किंवा सूज घेऊन आलेली धाप औषधाची. तासांच्या-दिवसांच्या हिशेबाने वाढत गेलेली धाप न्यूमोनियाची. शांत किंवा झोपलेल्या मुलाचं पोट-छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 ते 11 महिने 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगाचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, झटके आले, जागं होत नसेल, ओठ निळसर झाले, तर कारण शोधत न बसता निघा.

योग्य औषधाने साधारण 48 ते 72 तासांत उतार दिसायला हवा. नसेल तर पुन्हा दाखवा. औषध कमी पडतंय, छातीत पाणी-पू झालाय, मुळात विषाणू आहे, की औषधामुळेच ताप टिकलाय, हे तपासून ठरतं.

रिॲक्शन ओसरल्यावर करायचं काम

मुलाच्या फाइलवर लाल पेनाने 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहिलं गेलं की ते जन्मभर सोबत राहतं. पुढच्या प्रत्येक आजारात डॉक्टर साधं, स्वस्त, नेमकं औषध टाळून जास्त व्यापक औषधाकडे वळतात. आणि ही नोंद पुष्कळदा चुकीची असते. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मुलांच्या हॉस्पिटलात अमॉक्सिसिलिनच्या ॲलर्जीचा संशय असलेल्या 818 मुलांना देखरेखीखाली तेच औषध देऊन पाहिलं, तेव्हा 94 टक्क्यांहून अधिक मुलांना काहीही झालं नाही. हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून मूल बरं झाल्यावर ॲलर्जीतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञांना विचारा: ही नोंद तपासून काढता येईल का? घरी मात्र हा प्रयोग कधीही करायचा नाही, आणि स्टीव्हन्स-जॉन्सनसारखी तीव्र रिॲक्शन येऊन गेलेल्या मुलाला ते औषध पुन्हा कधीच द्यायचं नाही.

नोंद ठेवायचीच असेल तर पूर्ण लिहून घ्या: औषधाचं मूळ नाव, ताकद, कितवा डोस, डोसनंतर किती वेळाने, काय दिसलं, काय उपचार लागला, तारीख. असं कार्ड मुलाच्या लसीकरणाच्या पुस्तकात चिकटवा आणि त्याचा फोटो आई-बाबा दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. शाळेला आणि पाळणाघरालाही एकेक प्रत द्या. भावंडाला किंवा वडिलांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, एवढ्याने या मुलाला ते औषध वर्ज्य ठरत नाही.

शेवटचं काम सरकारदरबारी कळवण्याचं. भारतात 2010 पासून औषध दक्षता कार्यक्रम, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम, चालतो आणि त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टरांप्रमाणे पालकही थेट कळवू शकतात. 1800-180-3024 हा मोफत क्रमांक कामाच्या दिवशी कार्यालयीन वेळेत चालतो, आणि ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. रिॲक्शन त्याच औषधाने आली हे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरेसा आहे, आणि कळवणाऱ्याची ओळख गुप्त राहते. बॅच नंबर, डोसच्या वेळा आणि पुरळाचे फोटो तुमच्याकडे आधीच असतील, तर फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही.